चावी कोणाकडे?

पीएचडीचा माझा आराखडा एकदा नापास झाला होता. पुन्हा झाला असता तर बॅगा भरून सरळ नागपूर गाठायचं, एवढंच उरलं होतं. विषय होता, टोरंटोच्या उंच इमारतींत एकटी राहणारी म्हातारी माणसं उष्णतेची लाट कशी निभावतात.

समितीच्या प्रमुखांनी युरोपात तयार झालेली प्रश्नावली दिली होती. ती घेऊन मी टोरंटोच्या नॉर्थ यॉर्क भागात बाराव्या मजल्यावरच्या एका आंटींकडे गेले. मूळच्या वसईच्या, नवरा गेलेला, मुलगा दूर कॅल्गरीला. ‘एकटे राहता का?’ या प्रश्नापुढे मी न विचारताच ‘हो’वर खूण केली. आंटींनी कागद ओढून घेतला.

“एकटी कोण? माझी चावी समोरच्या फिलिपिनो बाईकडे, तिची माझ्याकडे. हीट वॉर्निंग आली की दिवसातून दोनदा चेक करून जाते ती.”

माझी मलाच लाज वाटली. नागपूरच्या उन्हात वाढलेली मी, आणि मला हे विचारायचं सुचू नये? त्या उन्हाळ्यात अख्खी इमारत पालथी घातली. ज्यांची चावी शेजाऱ्यांकडे होती, त्यांच्या दाराशी कोणी ना कोणी येत होतं. मुलंबाळं असूनही चावी कोणाकडेच नसलेले मात्र तापलेल्या खोलीत तसेच बसून राहत.

समितीपुढे आराखडा पुन्हा मांडला, तेव्हा प्रमुख म्हणाले, “छान आहे. पण हे झालं तुमच्याकडचं. सगळीकडे लागू पडेल असं काय आहे यात?”

माझं डोकं फिरलं. “सर, ‘एकटे राहता का’ हा रकानाही तुमच्याकडचाच आहे. तुमची चावी कोणाकडे असते?”

त्यांनी खिसा चाचपून चावी बाहेर काढली. “माझ्याचकडे. दुसऱ्या कोणाकडे नाही.” तेवढ्यात समितीतल्या, मूळच्या चिलीच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, “भूकंपानंतर आम्ही विचारतो, कोणाच्या चुलीवर जेवलात?” सेनेगलचे प्राध्यापकही सरसावले, त्यांच्या गावी घरातली माणसं मोजायची ती एका ताटात कोण जेवतं यावरून. मग तासभर तिघं आपापसात भांडत होते आणि मी खुर्चीत रेलून ऐकत होते. इतकं सुख मला या देशात आधी कधी मिळालं नव्हतं. शेवटी प्रमुखांनी स्वतःच्या हाताने प्रश्नावलीत चावीचा प्रश्न लिहिला आणि माझ्या आराखड्यावर मंजुरीची सही केली.

तशीच मी आंटींकडे धावले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या तोंडात केकचा तुकडा कोंबला आणि विचारलं, “मग त्या सरांची चावी कोणाकडे आहे?”

“कोणाकडेच नाही.”

“अरे देवा. उन्हाळ्याआधी त्याला इकडे घेऊन ये.”