पाडांगची दालचिनी

डार्मश्टाटच्या विद्यार्थी वसतिगृहात आम्हा तिघींचं स्वयंपाकघर एक होतं. मी पुण्याची, पीएचडीच्या नावाखाली प्रयोगशाळेत नळ्या धुणारी. बाकी दोघी एका चिंचोळ्या समुद्राच्या अल्याड-पल्याडच्या: एक इंडोनेशियातल्या पाडांगची, दुसरी मलेशियातल्या मलाक्काची. भाषा जवळपास एकच. पाडांगचीचे वडील दालचिनीचे व्यापारी, आणि त्यांची पोती बोटीने मलाक्कालाच जात. पहिल्या हिवाळ्यात या दोघींच्या गप्पा रंगल्या की मला त्यांचा हेवा वाटायचा, कारण आमच्या मजल्यावर माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी नव्हतं.

भांडण झालं ते रेंदांगवरून. रेंदांग म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेलं मांस. मी ते खात नसे, वासावर समाधान मानायची. एका रविवारी मलाक्काची त्यात दालचिनी टाकत होती. पाडांगची मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाली, "माझे बाबा जन्मभर दालचिनी विकतायत, पण आमच्या घरी ती यात कधी पडत नाही. पदार्थ आमचा, बिघडवला यांनी."

पुरणपोळी आपली की कर्नाटकची यावर मीही तावातावाने भांडलेली आहे, म्हणून मी हसत होते. पण शब्दाने शब्द वाढला. त्यांच्या भाषेत मलाक्काची काहीतरी बोलली आणि पाडांगची हातातला डाव ठेवून खोलीत निघून गेली. काय बोलली ते पाडांगचीने मला नंतर सांगितलं. "तुमच्या बायका आमच्याकडे फरशा पुसायला येतात, आणि वर पदार्थावर मालकी सांगता?"

त्यानंतर दोघींमध्ये विस्तव जाईना. शेगडी एकच, पण बोलणं जर्मनमधून, तेही 'एंटशुल्डिगुंग' आणि 'बिट्टे', म्हणजे 'माफ करा' आणि 'प्लीज', एवढंच. एकीची भाषा दुसरीला उपजत कळत असताना! दोघींच्या कानाखाली एकेक वाजवावी असं मला वाटे.

फेब्रुवारीत पाडांगचीचे वडील वारले. व्हिसाच्या नूतनीकरणासाठी पासपोर्ट दिलेला, त्यामुळे तिला जाता आलं नाही. मी खिचडी घेऊन गेले, कारण आपल्याकडे सुतकात त्या घरची चूल पेटत नाही. तिने ताट बाजूला ठेवलं.

"आमच्याकडे उलटं असतं," ती म्हणाली. "गेलेल्याच्या घरानं सातव्या दिवशी लोकांना जेवू घालायचं, आणि सगळ्यांनी बसून प्रार्थना म्हणायची. जेवायला कोणीही येईल. पण म्हणणार कोण? मी एकटीने बाबांसाठी कसं म्हणू?"

गावातले बाकीचे इंडोनेशियन सुट्टीत घरी गेले होते. ती प्रार्थना येणारी एकच व्यक्ती उरली होती, भिंतीपलीकडे.

"मी तिला विचारू?"

"नको."

मी तरी विचारलं. मलाक्काचीने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

सातव्या दिवशी संध्याकाळी मजल्यावरचे दोन जर्मन मुलगे आले, त्यातला एक बिअरच्या बाटल्या घेऊन. मी त्याला दारातच थोपवून सांगितलं की ही पार्टी नाही, तिचे वडील गेलेत. बिचारा कानापर्यंत लाल झाला. आम्ही चटईवर बसलो. भात निवत चालला. पाडांगची दाराकडे मुद्दाम बघत नव्हती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग मलाक्काची आली. डोक्यावर पांढरी ओढणी. कोणाशी न बोलता बसली आणि प्रार्थना म्हणायला लागली. पाडांगचीने तिच्या आवाजात आवाज मिसळला, आणि दोघी शेवटपर्यंत एका सुरात म्हणत राहिल्या. मलाक्काची जेवली, आपली ताटली धुतली आणि गेली.

मला वाटलं, मिटलं एकदाचं. सकाळी चहा ओतताना पाडांगचीने जर्मनमध्येच आभार मानले, "डांके." "बिट्टे," मलाक्काची म्हणाली. बस्स. जे शब्द मागे घ्यायचे होते ते तसेच राहिले. मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात पाडांगची शिक्षण अर्धवट टाकून वडिलांचा धंदा सांभाळायला कायमची परत गेली. निघताना तिने त्यांनी पाठवलेल्या दालचिनीचं शेवटचं पुडकं माझ्या हातात ठेवलं. "तिला दे. आमच्यात नाही पडत."

मी ते संध्याकाळी दिलं. मलाक्काचीने उघडून वास घेतला. "गेली?" तिने विचारलं. मी मान हलवली. मग ओट्याला टेकून ती आपल्या भाषेत बोलत सुटली. रडायची, थांबायची, पुन्हा बोलायची. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. जिला सगळं कळलं असतं, तिचं विमान दुपारीच सुटलं होतं.