सरकारी नाव आणि गव्हाची पाळी

कालव्याच्या पाहणीसाठी सरकारने एक चपट्या बुडाची नाव ठेवली होती. ओव्हरसीयरच्या मुलाने ती वडिलांकडून तीन दिवसांसाठी मिळवली आणि आम्ही चौघे मित्र कऱ्हाडजवळ तिच्यात बसून सांगलीच्या दिशेने निघालो. वाटेतल्या गावांत शेतकऱ्यांसाठीची पत्रके वाटायची ठरले होते. निदान मी तरी तसे समजत होतो. माझ्या पिशवीत पत्रके होती. बाकीच्यांच्या सामानात ग्रामोफोन, भडंगाचा डबा, कॅमेरा आणि उशा.

पहिल्या तासातच मला या मंडळींची किळस आली. लढाईच्या दिवसांत लोक घासलेटासाठी रांगा लावत होते आणि हे रेकॉर्डी बदलत होते. शेतकऱ्यांच्या हक्कांवर बोलून कॉलेजात टाळ्या घेणारा आमचा वकिलीचा विद्यार्थी उशीला टेकून काठावर खुरपणाऱ्या बायकांचे फोटो काढत होता. "वाकल्यावर किती छान दिसतात रे," म्हणाला.

दुपारी नाव रुतली. गव्हाची पाणीपाळी चालू होती. दारे उघडून पाणी रानांत गेलेले, कालव्यात जेमतेम गुडघाभर उरलेले. ओव्हरसीयरच्या मुलाने काठावरच्या पाटकऱ्याला फर्मावले, "हे दार टाक. पाणी चढू दे."

"धाकलं सायब, पाळी चाललीया."

"टाक म्हटलं ना!"

पाटकऱ्याने चारीच्या तोंडाशी फळी टाकली. रानातून एक बाई खोरे घेऊन धावत आली.

"आवं, माजी पाळी सांजपत्तूर हाय! गहू पोटरीला आलाय. आता चुकलं तर पंधरा दिसांनी पाणी. मग काय पेंढा कापू?"

"मावशी, तासाभराचा प्रश्न आहे," वकील म्हणाला.

"तासात निम्मं रान भिजतंय." तिने उशांवरून नजर फिरवली. "चौघं खाली उतरा की. रिकामी नाव आपसूक तरंगती."

इतके सोपे होते ते. वकिलाने आपल्या बुटांकडे पाहिले. तिसऱ्याने ग्रामोफोनची किल्ली फिरवली. पायाला चिखल लागू नये म्हणून एका बाईचा गहू वाळवायला हे तयार होते, आणि मी अजून त्यांच्यातच बसलो होतो.

मी पाण्यात उडी टाकली. काठावर चढून म्हणालो, "मावशी, मी वर कडक अर्ज लिहितो."

"अर्जानं रान भिजतंय व्हय?"

मी पाटकऱ्याकडे पाहिले.

"मला हुकूम झाला, मी दार टाकलं," तो म्हणाला आणि पाठ फिरवून तंबाखू मळू लागला.

बाईने खोऱ्याचा दांडा फळीखाली घातला. मी त्यावर सगळा भार टाकला. फळी निघाली, पाणी चारीत धावले.

"अरे, तू कुणाच्या बाजूचा?" ओव्हरसीयरचा मुलगा ओरडला.

"हिच्या. उतरा आता!"

शेवटी उतरले. बूट हातात, धोतरे वर. नाव लगेच तरंगली. ती ढकलत ते पुढे निघाले. माझी पिशवी तेवढी काठावर भिरकावली. मला कुणी बोलावले नाही, बोलावले असते तरी गेलो नसतो.

बाईने खोरे माझ्या हातात दिले. "वाफ्यांची दारं धरता येत्यात?"

"नाही."

"मग शिक. गेलेलं पाणी भरून काढायचंय."

मी पहिलाच वाफा भलत्या बाजूने फोडला.

"आरं गड्या, बांधाला कशाला पाजतोस? गव्हात घाल, गव्हात!"