आमच्या घरी पडलेली आयरिश रेड

मी आयुष्यात एकच खोटं बोलले, आणि तेही बार्लीबद्दल. (शाळेच्या तपासणीच्या दिवशी बोलले ती नोकरीचा भाग होती. ती धरत नाहीत.)

त्याचं झालं असं, की आमचा सुमित इथंच परभणीत अन्नतंत्रज्ञान शिकला आणि पुण्यात नोकरीला लागला. कुठं? तर बिअर तयार करण्याच्या कारखान्यात! आता आमचं घर म्हणजे मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. खोकल्याच्या औषधावर बारीक अक्षरात 'अल्कोहोल' दिसलं तरी दुकानदाराला बाटली परत करणारे आम्ही! त्यामुळे शेजारणीनं जेव्हा विचारलं, "सुमित काय करतो हो पुण्यात?" तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बार्लीवर प्रक्रिया करणारी कंपनी आहे. मोठी आहे." बघा, यात एक अक्षर खोटं नाही. बिअर बार्लीचीच होते. मी फक्त पुढचा भाग सांगितला नाही.

पण आमच्याकडं बार्ली म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे मुतखडा. बोअरचं जड पाणी आणि परभणीचा उन्हाळा, त्यामुळं गल्लीत घरटी एक खडा निघतो, आणि डॉक्टर प्रत्येकाला सांगतात, बार्लीचं पाणी प्या. आठवड्याभरात सुमित गल्लीचा अर्धा डॉक्टर झाला. लोक सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन माझ्या दारात! "सहा एमेमचा हाय मॅडम. पोराला जरा इचारा, आपोआप पडंल का म्हनून." मी "भरपूर पाणी प्या" असं गंभीर चेहऱ्यानं सांगून मोकळी व्हायची. दोघांचे पडलेही. मला पेढे आले.

अशात चारठाण्याचं स्थळ आलं. गणपतराव, चांगली बागायत असलेले शेतकरी, आणि त्यांची मुलगी ऋतुजा जिंतूरला बँकेत. पत्रिका जमली, फोटो पसंत पडले, मुलं फोनवर बोलली. सुमितचं हे चौथं स्थळ. आधीच्या तिन्ही ठिकाणी आमच्या ह्यांनी पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे 'बिअर' हा शब्द उच्चारला होता, आणि तिन्ही मंडळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली होती, "बरं, कळवतो." लग्नाच्या बोलणीत 'कळवतो' म्हणजे काय, ते मुलाच्या आईला विचारा! तीन कळवतो मी गिळले होते. चौथा पचणार नव्हता, म्हणून गणपतरावांना मी फोनवर बार्लीच सांगितली होती.

"आई, त्यांना खरं सांगून टाकू," सुमित म्हणाला.

"सांगू ना. लग्न झाल्यावर."

"लग्न झाल्यावर?"

"बरं, साखरपुड्याच्या जेवणानंतर. भरल्या पोटी माणूस समजून घेतो."

मंडळी घर बघायला येणार होती ती पुढच्याच्या पुढच्या रविवारी. म्हणजे तयारीला भरपूर वेळ होता. तेवढ्यात शुक्रवारी सुमितचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "आई, ह्या रविवारी माझी रेड आहे! आपल्या घरी!"

मी मटकन खाली बसले. "रेड? आपल्या घरी? कुणी तक्रार केली रे? शेजारणीनं?"

"अगं, रेड म्हणजे लाल! आयरिश रेड एल. माझी पहिली बिअर आहे, सगळी माझ्या हिशोबानं केलेली."

मी मागं वळून बघितलं तर आमचे हे घराची कागदपत्रं पिशवीत भरून, पायात चपला घालून उभे. "वकील बघू का?"

मग उलगडा झाला. ही लाल बिअर कारखान्यातून बाहेर विकायची की नाही, ते मालक सोमवारी ठरवणार होते. त्याआधी सुमितला अशा माणसांचं मत हवं होतं ज्यांनी जन्मात बिअर प्यायलेली नाही. "तुमची जीभ कोरी आहे," तो म्हणाला. तीस वर्षं संसार करून जिभेबद्दल हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. (सासूबाई असत्या तर हसल्या असत्या.)

रविवारी सकाळी अकरा वाजता, दारं-खिडक्या लावून, आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. सकाळी जीभ ताजी असते म्हणे. सुमितनं तपासणीचा कागद मराठीत करून आणला होता. पन्नास मार्कांचा! वासाला बारा, रंगरूपाला तीन, चवीला वीस, तोंडात कशी लागते त्याला पाच, एकूण मताला दहा.

"रंगरूपाला फक्त तीन? मग नीटनेटकेपणाचं काय?"

"आई, वही नाही तपासायची."

रंग बाकी सुरेख होता. कोऱ्या चहात चमचाभर कोकम टाकावं तसा. मी नाक धरून जिभेचं टोक लावलं.

"काय वाटतं?"

"कडू."

"आणखी काय?"

"आणखी कडू."

आमचे हे मात्र परीक्षक म्हणून फारच काटेकोर निघाले. घाईत मार्क देणं बरं नाही म्हणत त्यांनी एक ग्लास संपवला, आणि पहिल्यात चूक राहून गेली असेल म्हणून दुसरा. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या दिवशीही न दिसलेलं समाधान पसरलं होतं.

आणि माझा फोन वाजला. "न्हमस्कार मॅडम! चारठाण्याहून गणपतराव. आमी परभणीतच हावं. दवाखान्यात आलतो, मुतखडा निघाला बघा. म्हनलं आता आलोच हाय तर घर बघून जावं. तुमच्या गल्लीतच वळायलो."

खिडक्या उघडल्या, पंखे फिरवले, हाताला लागला तो उदबत्तीचा पुडा अख्खा पेटवला. सुमितला बाटल्या पलंगाखाली सारायला लावल्या, स्वतः घाईघाईनं फोडणीचे पोहे टाकले आणि ह्यांना ओरडून सांगितलं, "ते ग्लास उचला! लवकर!"

गणपतराव, त्यांच्या मंडळी आणि ऋतुजा दारात आले. गणपतरावांनी धुरातून वाट काढत विचारलं, "आज कुनाचं वर्षश्राद्ध हाय का?"

"छे, छे! रविवारी आम्ही जरा जास्त पूजा करतो."

सगळे बसले. मी पोहे आणायला वळले, आणि तेवढ्यात आतून आमचे हे आले. ग्लास उचला म्हटल्यावर त्यांनी उचलले होते, यात शंका नाही. तीन लालबुंद, पुन्हा भरलेले ग्लास ट्रेमध्ये नीट मांडून, मधोमध पोह्यांची ताटली ठेवून, चेहऱ्यावर ते समाधान घेऊन ते थेट पाहुण्यांपुढं वाकले!

गणपतरावांनी ग्लास उचलून उजेडाकडं धरला. "ह्येच का त्ये तुमचं बार्लीचं पानी?"

"हौ," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग बरं झालं की! डॉक्टरनं आत्ताच त्येच सांगितलंय. पर लाल कशामुळं हाय?"

"बार्ली भाजलेली आहे." (पुन्हा सांगते, हे खरं होतं!)

"आन् ह्यो फेस?"

"ग्लास नीट धुतला गेला नाही. साबण राहिला असेल." घर बघायला आलेल्या मुलीच्या आईसमोर मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की आमच्याकडं भांडी नीट घासत नाहीत. त्या बाईंनी हातातली पोह्यांची ताटली उचलून एकदा खालून बघितली.

"आयरिश आहे!" आमचे हे अभिमानानं म्हणाले.

"आयरिश म्हंजी?"

"आयुर्वेदिक!" मी ओरडले. "ह्यांचा एक दात पडलाय, तसं ऐकू येतं."

सुमितचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"पोहे घ्या ना!" मी मध्ये पडले. "पोहे गार होतात!" ऋतुजा ओढणी तोंडाला लावून खाली बघत बसली होती. मला वाटलं, उदबत्तीचा ठसका लागला असेल.

गणपतरावांनी वास घेतला. घोट घेतला. डोळे मिटले. मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलले, मग पाच नारळ, मग अकरा.

"गूळ करताना कढईला खाली जरा लागतो बघा," ते सावकाश म्हणाले, "तसा वास यायलाय. मागून भाजलेल्या हुरड्याचा. आन् शेवटाला शेंगदान्याच्या जळक्या टरफलावानी. कोरडं."

सुमित खुर्चीवरून अर्धा उठला. भीती, लग्न, आई, सगळं विसरून! "काका, शेवटाला कोरडं लागतं ना? जास्त लागतं का? की मध्येच तुटतं?"

"तुटत न्हाई. पर गोडी जरा लवकर सरती."

"हा कागद भराल का? प्लीज, काका!" आणि माझ्या पोटच्या पोरानं तो पन्नास मार्कांचा कागद आणि पेन त्यांच्या हातात दिलं. ते खिशातून चष्मा काढून, खरेदीखतावर सही करताना माणूस जपतो तसे एकेक अक्षर जपून लिहू लागले. मी पायाच्या अंगठ्यानं सुमितला खुणावत होते. आमचे हे म्हणाले, "माझा अंगठा का दाबायलीस?"

लिहिता लिहिता गणपतरावांनी पुन्हा ग्लास उचलला. "बरं झालं ह्ये मिळालं. डॉक्टरच्या गोळ्या लय कडक हायत. दोन आत्ताच घेतल्या रिक्षात. त्येच्यावर ह्ये पानी म्हंजी..."

गोळ्या! कडक गोळ्यांवर बिअर! माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते सांगत नाही. चारठाण्याचा भला माणूस माझ्या दिवाणखान्यात आडवा, आणि मी वर्तमानपत्रात. स्थळ जाऊ दे, सुमितचं लग्न जाऊ दे, माणूस जाऊ नये! मी झडप घालून त्यांच्या हातातला ग्लास धरला.

"पिऊ नका! ती दारू आहे! बिअर आहे! माझा मुलगा बिअर करतो, पाणी नाही, आयुर्वेदिक नाही, ह्यांना सगळे दात आहेत आणि आमच्याकडं भांडी स्वच्छ घासतात!"

मी ग्लास धरून, ते ग्लास धरून. मला रडू यायला लागलं, आणि ते लपवावं असंही वाटेना. चौथं स्थळ माझ्या हातानं गेलं होतं.

"ठावं हाय," गणपतराव म्हणाले.

"काय?"

"पोरानं पयल्याच फोनला ऋतुजाला सांगितलं, मी बिअर करतो म्हनून. आवडत नसंल तर आत्ताच न्हाई म्हना म्हनला. तिनं आमाला सांगितलं. आमी म्हनलं, पोरगं तर खरं बोलायलंय, आता घरचे काय बोलत्यात त्ये बघावं."

मी सुमितकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. ऋतुजाचा ठसका आता उघड हसण्यात बदलला होता.

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"गोळ्या दुपारच्या जेवनानंतर घ्यायच्यात. पिशवीतच हायत. तुमचं एवढं चाललं होतं, म्हनलं आपुनबी एक लहानसं बोलून बघावं."

त्यांच्या मंडळींनी पदरानं डोळे पुसले. हसून की काय, कळलं नाही. गणपतरावांनी माझ्या हातातून ग्लास हळूच सोडवून घेतला, उरलेला घोट घेतला, कागदावर शेवटचं काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि सुमितच्या हातात दिली. "आमी गेल्यावर वाच."

दारात चपला घालताना ते आमच्या ह्यांना म्हणाले, "बरं मंग. कळवतो."

कळवतो! दार लागलं आणि मी सोफ्यावर कोसळले. "गेलं! माझ्यामुळं गेलं! खरं सांगितलं असतं तर..."

"आई," सुमितचा आवाज विचित्र झाला होता, "हे वाच."

पन्नासपैकी एक्केचाळीस. चवीला अठरा, तोंडात कशी लागते त्याला चार, एकूण मताला दहापैकी दहा. मग वासाच्या रकान्यात होतं: "बारापैकी सात. उदबत्ती लय झाली." आणि रंगाच्या रकान्यात: "तीनपैकी दोन. खोटं बोलताना विहीणबाईचे कान ह्याच्यापेक्षा लाल झालते."

विहीणबाई! मी तो एकच शब्द दहा वेळा वाचला, सुमितला मिठी मारली, रडले, हसले, देवापुढं जाऊन अकरा नारळांचा शब्द पक्का केला. हा सगळा गोंधळ चालू असताना आमचे हे कागद घेऊन शांतपणे बेरीज-वजाबाकी करत बसले होते. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "पोराचे नऊ मार्क गेले. त्यातले सहा तुझे आहेत."