झोळीपाशी बसलेल्या अध्यक्षा

आवाज न चढवता आणि हातातलं काम न सोडता समोरच्या माणसाला मुळापासून हादरवून टाकण्याची विद्या अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकाच बाईला येते, आणि ती बाई माझ्या थोरल्या बहिणीची नणंद आहे. सोनपेठात लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणतात. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, डोक्यावरचा पदर वाऱ्यातसुद्धा न हलणारा. बाजारात त्यांचं भुसार मालाचं दुकान आहे आणि यजमान गेल्यापासून ते त्या एकट्या चालवतात. तूर घेऊन आलेल्या माणसाला त्या भाव सांगतात तो इतरांसारखाच, पण तराजूत पोतं चढत असताना हळूच विचारतात, "थोरलीची शाळा कामून सोडवली?" तो माणूस जागच्या जागी थिजतो. ही बातमी आपल्या गावाहून आपल्या आधी इथवर पोचली कशी, हेच त्याला कळत नाही. बरेचजण म्हणतात, अक्काच्या दुकानात माल घालायचा तर घरातली सगळी पोरं शाळेत घालून मगच जावं.

मला बसलेला पहिला धक्का फोनवरचा होता. बँकेतून निवृत्त होऊन मी परभणीत निवांत बसलो होतो. अक्कांनी ख्यालीखुशाली न विचारता थेट सुरुवात केली. "पाव्हणं, तुमचं अक्षर चांगलं हाय ना?" मी जरा सुखावून हो म्हणालो. "मग तुमी सचिव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कशाचा सचिव, हे मला बहिणीकडून कळलं. अक्कांचा एकुलता एक मुलगा पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. वडिलांच्या नावानं काहीतरी व्हावं म्हणून त्यानं पैसे पाठवायला सुरुवात केली होती आणि त्याच्या मनात देवळापुढचा सभामंडप होता. अक्कांनी परस्पर फाउंडेशन काढलं. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना आणि तिथल्या गुरुजींना, बाईंना मदत करायची, एवढंच त्याचं काम. अध्यक्षा त्या स्वतः, खजिनदार एक निवृत्त पोस्टमास्तर आणि सचिव मी. बैठक दुकानात, हरभऱ्याच्या पोत्यांवर बसून. मधे गिऱ्हाईक आलं की ठराव तसाच थांबायचा आणि डाळ मोजून झाली की पुढं सरकायचा.

शाळेत गेल्यावर सगळे पाहुणे आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत जातात. अक्का आधी मुलींच्या संडासात जातात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी मरणाचा शरमलो होतो. मांडव घातलेला, पोरं स्वागतगीताच्या रांगेत उभी, गटशिक्षणाधिकारी हार घेऊन तयार, आणि अध्यक्षा गायब. थोड्या वेळानं त्या मागच्या बाजूनं आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "कडी आतून लागत न्हाई." मग त्यांनी पिशवीतून नवी कडी, स्क्रू आणि पेचकस काढला. हे सगळं त्यांच्या पिशवीत कायम असतं, जसा इतर बायकांच्या पिशवीत पानाचा डबा असतो. साहेबांच्या हातातला हार त्यांनी माझ्याकडं दिला आणि साहेबांच्या हातात स्क्रू दिले. "धरा जरा. कडी लागत न्हाई म्हनून पोरी दिवसभर पानी पेत न्हाईत. मग दुपारी डोकं दुखतंय आन् गणित चुकतंय." साहेब संडासाच्या दाराशी उभे राहून एकेक स्क्रू देत राहिले. स्वागतगीत पोरांनी तेवढ्यात दोनदा म्हणून घेतलं. मी हार धरून उभा होतो. पुढं त्याच साहेबांनी तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या कड्या बघून घेतल्या असं ऐकलं, तेव्हा मला आणखी एक धक्का बसला.

नावाचं त्यांना वावडं. बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं वह्या दिल्या आणि प्रत्येक वहीच्या पाठीमागं स्वतःचा हसरा फोटो छापून घेतला. महिन्याभरात पोरांनी त्याला मिशा, शिंगं आणि काळा चष्मा काढला. तो शाळेत आला, त्यानं पाहिलं आणि तो संतापला. अक्कांनी एकेक वही उलटून बघितली आणि एक वही त्याच्यापुढं धरून म्हणाल्या, "ही मिशी लय शोभून दिसायलीय. ठिवून बघा." मला वाटलं आता हा माणूस पुन्हा फाउंडेशनचं तोंड बघणार नाही. त्यानं पुढच्या वर्षी कोऱ्या पाठीच्या वह्या दिल्या, आणि मिशीही ठेवली.

पण मदत म्हणून त्यांनी सुरू केलेली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे महिन्यातून एका रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत भरणारी शिक्षकांची बैठक. चुरमुऱ्यांचा गरम सुशीला, चहा, आणि पहिल्याच बैठकीत अक्कांचा प्रश्न, "तुमाला काय शिकवायला येत न्हाई, ते सांगा." सगळे गुरुजी ताटल्यांमध्ये बघायला लागले. अशा प्रश्नावर माणसं उठून जातात, हे मला बँकेतल्या अनुभवावरून माहीत होतं. कुणी उठलं नाही. सुशीला संपत आला तेव्हा एक पिकल्या केसांचे गुरुजी खाली बघून म्हणाले, "मला भूगोलातले वारे कधीच समजले नाहीत. व्यापारी वारे तर मुळीच नाहीत."

"व्यापारी वारे?" अक्का म्हणाल्या. "म्हंजे आमचं काय हाय त्यात?"

सगळे हसले, ते गुरुजी सगळ्यात जास्त. मग एका तरुण शिक्षकानं खडू घेतला आणि रिकाम्या बारदानावर पृथ्वी काढून वारे समजावून दिले. त्यानंतर कुणाला अपूर्णांक नको असायचे, कुणाला इंग्रजी बोलायची भीती असायची. ज्याला जे येतं तो ते दुसऱ्याला द्यायचा. अक्का कोपऱ्यात बसून ऐकायच्या. "व्यापारी वारे आता मला बी येतेत," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या.

एवढे धक्के पचवून मी तयार झालो आहे असं मला वाटत होतं. गोदाकाठच्या एका वस्तीवरच्या शाळेनं तो समज मोडला. ती वस्ती मेंढ्या राखणाऱ्यांची. दिवाळी झाली की माणसं कळप घेऊन निघायची आणि लेकरंही त्यांच्यामागं रानोमाळ जायची. शाळेत दोन शिक्षक. हेडमास्तर दिवसभर कागदांत बुडालेले, शिकवणं सगळं एका तरुण बाईंवर. त्या साताऱ्याकडच्या, नवरा नागपूरला नोकरीत, सोनपेठात भाड्याची खोली. ह्या बाईंनी घरोघर जाऊन, एकेका आजीची मनधरणी करून लेकरं मागं ठेवायला लावली होती. अक्कांच्या मुलानं पाठवलेल्या पैशातून आम्ही त्या शाळेला डिजिटल फळा द्यायला गेलो, तर बाई कडेवर नऊ महिन्यांची मुलगी घेऊन साध्या फळ्यावर लिहीत होत्या. मुलगी त्यांच्या हातातला खडू चाटत होती.

अक्का फळ्याकडं बघेनात, मुलीकडंच बघत राहिल्या. "हिला सांभाळायला कोन हाय?"

"एक बाई होती. ती ऊसतोडीला गेली," बाई म्हणाल्या. "दुसरी मिळत नाही. सोमवारपासून मी बिनपगारी रजा टाकलीय, अक्का. कधी परत येईन, सांगता येत नाही."

दाराशी एक म्हातारी नातवाचं दप्तर धरून उभी होती. ती म्हणाली, "बाई न्हाईत तर लेकरू हितं ठिवून काय करू? बाप कळप घिऊन आजून पोखर्णीच्या रानातच हाय. देते धाडून."

परतीच्या वाटेवर अक्कांनी फक्त तुरीच्या भावाचा विषय काढला. मला ते बरं लक्षण वाटलं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत गिऱ्हाइकाला साखर मोजून देता देता त्यांनी सांगितलं, "सोमवारपासून मी तिकडं बसनार. लेकरू सांभाळायला."

पोस्टमास्तरांनी कपबशी खाली ठेवली. मी सचिव या नात्यानं म्हणालो, की अध्यक्षांनी असं करणं बरं दिसत नाही आणि हे फाउंडेशनच्या उद्देशात बसत नाही.

"उद्देशात 'शिक्षकांना साह्य' असं तुमीच लिव्हलंय ना, पाव्हणं? चांगल्या अक्षरात?"

"लिहिलंय, पण..."

"मग बसतंय त्यात," त्या म्हणाल्या आणि साखरेची पुडी बांधली. पुण्याला मुलाला मात्र कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं. उगीच दुकानाची काळजी करेल, म्हणाल्या.

आणि ज्या बाईनं यजमानांच्या तेराव्याला, सोयरे जेवत असताना, दुकानाची एक फळी उघडी ठेवली होती, ती दुकान मुनिमाच्या हवाली करून रोज सकाळी बाईंच्या स्कूटीवर मागं बसून वस्तीवर जायला लागली. व्हरांड्याच्या तुळईला लुगड्याची झोळी बांधली. मुलगी काही साधी नव्हती. ती अंगाईनं झोपायची नाही, थोपटून झोपायची नाही. आत पोरं पाढे म्हणायला लागली की नवाच्या पाढ्याला तिचे डोळे मिटायचे आणि पाढे थांबले की उघडायचे. घटक चाचणी आली तेव्हा वर्गात शांतता झाली आणि झोळीत आकांत. शेवटी अक्कांनी हेडमास्तरांना कागदांतून उठवलं आणि व्हरांड्यात बसवून पाढे म्हणायला लावलं. ते तेराच्या पाढ्यात अडखळले की मुलगी कुरकुरायची. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि परतीच्या बसमध्ये तिकीट काढायचं विसरलो.

संक्रांतीनंतर अक्कांचा मुलगा गाडी घेऊन परभणीला माझ्याकडं आला, काही न कळवता. "मामा, आईला नंतर भेटू. आधी तो डिजिटल फळा कसा चाललाय ते बघू," म्हणाला. मी रस्ता खराब असल्याचं सांगितलं, हेडमास्तर आजारी असल्याचं सांगितलं. त्यानं गाडी काढली.

शाळेत वीज गेलेली होती. व्हरांड्यात अक्का पाय पसरून तूरडाळ निवडत बसल्या होत्या. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, अंगठा हलत होता आणि आत नवाचा पाढा चालू होता. मुलगा पायरीपाशी थांबला. अक्कांनी वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच झोपलीय."

तो बूट न काढता पायरीवर बसला. "कुणाचं बाळ?"

"बाईंचं."

"तू कधीपासून येतेस इथं?"

"दिवाळीपासून."

त्यानं झोळीत वाकून पाहिलं. त्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा झाला होता. "आमच्याकडं तू बारशाला आलीस," तो म्हणाला, "आणि दुकान आहे म्हणून लगेच परत गेलीस. मी थांब म्हणालो होतो."

"तुला चार मानसं होती, बाबा. सासूबाई पलीकडच्या गल्लीत, दोन बाया कामाला. हिला कोनीच न्हवतं."

"मला चार माणसं नको होती, आई."

हे तो अजिबात आवाज न चढवता म्हणाला, अगदी आईसारखा. अक्कांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी हादरलेलं पाहिलं नव्हतं, आणि ते बघणं मला झेपेना. अंगठा थांबला होता. झोळीतली मुलगी जागी होऊन रडायला लागली. बाई खडू घेऊन दारात आल्या, पण त्याआधी मुलगा उठला होता. त्यानं मुलीला सराईतपणे उचलून खांद्यावर घेतलं आणि शाळेच्या पटांगणात फेऱ्या मारायला लागला. वर्गातली पोरं खिडकीला लटकून बघत होती. फळ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. निघताना आईच्या पाया पडला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथं राहिला.

वर्ष त्यांनी पुरं केलं. बाईंनी रजा मागं घेतली होती, वस्तीवरची लेकरं आज्यांपाशीच राहिली. पावसाच्या आधी कळप परतले, तेव्हा एका पोरानं बापाच्या मोबाइलवरचा संदेश घडाघडा वाचून दाखवला आणि तो बाप शाळेत येऊन नुसताच उभा राहून गेला. पुढच्या वर्षी बाईंच्या नवऱ्याला नांदेडला बदली मिळाली, घरात सासूबाई आल्या, आणि झोळी सोडली गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्कांनी सोनपेठच्या बाजाराला आजवरचा सगळ्यात मोठा धक्का दिला. दुकानाच्या किल्ल्या मुनिमाकडं दिल्या आणि पुण्याची गाडी धरली.

आठवड्यानं मी फोन केला. नातू कसा आहे, विचारलं.

"लय गुनी हाय," अक्का म्हणाल्या. "सोता बूट घालतंय, सोता जेवतंय. मांडीवर बस म्हनलं तर 'नको, थँक्यू' म्हनतंय." मग म्हणाल्या, "मला 'तुमी' म्हनतंय, पाव्हणं. 'आजी, तुम्ही सोफ्यावर बसा.' पाव्हण्याला म्हनावं तसं."

परत कधी येणार, एवढंच विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "त्यो मला 'तू' म्हनायला लागंल, तवा निघंन."

उन्हाळा संपला. शाळा सुरू झाल्या, पुस्तकं वाटून झाली, दोन रविवारच्या बैठकाही अक्कांशिवाय झाल्या. परवा पोत्यांवर आम्ही दोघंच बसलो होतो. पोस्टमास्तरांनी चहा ओतता ओतता विचारलं, "काय म्हणतायत अक्का?"

"अजून तिकडंच आहेत," मी म्हणालो.