बाबांचा नांगर आणि जाऊबाईंचा डबा

आमच्या जाऊबाई फोटो काढतात. लग्नाकार्यातले नाहीत, ओळखपत्रावरचे. घराच्या खालच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. एक स्टूल, एक पांढरा पडदा, दोन दिवे, बस्स. समोर शाळकरी पोर असो की निवृत्त न्यायाधीश, जाऊबाई त्याला स्टुलावर बसवतात, दोन बोटांनी हनुवटी धरतात आणि म्हणतात, "सरळ बघा. आता हलायचं नाही." आणि माणूस हलत नाही, काय बिशाद आहे! चेहरा मधोमध हवा, दोन्ही कान दिसायला हवेत. एकच कान आला की फोटो त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकतात. मी काउंटरवर बसते, फोटो कापते, पाकिटात घालते आणि बोलते. घरातलं बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

आमचे सासरे, बाबा, बंदरात पाणबुडे होते. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडण्यात त्यांची उमर गेली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस पाण्यातच. अशाच एका सुट्टीत, लांबच्या एका उथळ खाडीत त्यांना तळाशी जहाजाचा नांगर दिसला होता. माणसापेक्षा उंच, गंजलेला, आणि त्याच्या एका हातावर पिवळं पोवळं वाढलेलं, जेवणाच्या टेबलाएवढं. मुलं, म्हणजे आम्हा दोघींचे नवरे, लहान होती तोवर त्यांनी हे डोळे विस्फारून ऐकलं. मोठी झाल्यावर हसायला लागली. मग कुणीही फुशारकी मारली की आमच्या घरात म्हणायची पद्धतच पडली, 'आला बाबांचा नांगर'. बाबांनी पुढे तो विषयच सोडला.

आणि मग त्यांची नजर जायला लागली. डॉक्टरांनी भावजींना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं की यावर इलाज नाही, आहे ती नजरही काही महिन्यांची सोबती. बाबा कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त माणूस तिरसट झाला, निदान मला तरी तसं वाटलं. मी चहा घेऊन गेले की मान वळवून खिडकीकडे बघत बसायचे. मी मनात म्हणायची, सुनेने आणलेला चहा चालतो, सून बघवत नाही. एकदा कप जरा आपटूनच ठेवला होता मी.

एक दिवस जाऊबाई त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होत्या तेव्हा बाबा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तो नांगर काही आता परत दिसायचा नाही."

"दिसेल," जाऊबाई म्हणाल्या. "मी घेऊन येते त्याला."

बाबांना दमा आहे, बोटीत चढायची सोय नाही. आणि जाऊबाईंना पोहता येत नाही. बादलीबाहेरच्या पाण्याशी त्यांचा संबंधच नव्हता. पण त्या खाडीत हल्ली पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतात, अंगात तरंगायचं जॅकेट, तोंडात नळी, डोळ्यांवर काच, एवढं त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं आणि यंदाची सगळ्यांची सुट्टी तिथेच, असं जाहीर करून टाकलं. बाबांजवळ त्यांची बहीण राहणार होती.

खरा घोळ कॅमेऱ्याचा होता. आमचा स्टुडिओ एका कॅमेऱ्यावर चालतो. तो बुडाला तर आम्हीही बुडालो. आमच्या ह्यांनी तोडगा काढला की मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा, सगळे तेच करतात. जाऊबाई म्हणाल्या, बाबांची नजर अधू आहे, फोटो दाराएवढा छापावा लागेल, आणि पाण्यातला मोबाईलचा फोटो तेवढा ताणला की त्याची पेज होते. हे गप्प बसले. माझ्यापुढे कधी बसत नाहीत.

आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदाराने आधी कॅमेऱ्याची मऊ, जाड पिशवी दाखवली, तोंड गुंडाळून बंद करायची. जाऊबाईंनी आत हात घालून बघितलं. भिंगापुढे सुरकुत्या, आणि बोटाला बटण सापडेना. शिवाय खडकाचा एक ओरखडा आणि खेळ खलास. मग त्याने पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा भाड्याने देऊ केला. त्यावर त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच पाण्यात उतरणार, त्यात कॅमेराही अनोळखी, म्हणजे दोन नवशिके एका ठिकाणी नकोत. शेवटी त्याने माळ्यावरून एक कडक डबा काढला. आमच्या जुन्या मॉडेलला बसणारा तेवढा एकच होता. जाडजूड, पारदर्शक, दाराला काळी रबरी रिंग. नाकापेक्षा मोती जड. दुकानदार प्रामाणिक होता. त्याने सांगितलं की बाहेरून फक्त चालू-बंद करता येईल आणि फोटो काढता येईल, बाकी एकही बटण चालणार नाही.

"पाणी आत येईल?" जाऊबाईंनी विचारलं.

रिंग स्वच्छ ठेवलीत, नीट बसवलीत, तर नाही, तो म्हणाला. मग हाच, त्या म्हणाल्या. एक घाव दोन तुकडे.

घरी आल्यावर परीक्षा सुरू झाली. डब्यात कॅमेऱ्याऐवजी कागदी रुमाल ठेवायचा, डबा कपडे भिजवायच्या टबात बुडवायचा, वर बिघडलेली इस्त्री ठेवायची म्हणजे तरंगत नाही. तासाभराने काढला तर रुमाल ओलसर. पुसून पुन्हा बुडवला, तर रुमाल चिंब. आमचे हे दारात उभे राहून पाण्याच्या दाबावर भाषण देत होते. उंटावरचा शहाणा. भावजी मात्र कधी नव्हे ते स्वयंपाकघरात जाऊन भांडी पुसत होते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

जाऊबाईंनी रिंग काढून तळहातावर घेतली. दाबली. मग नाकाला लावली. आणि स्वयंपाकघराकडे बघितलं.

आमच्या भावजींना तेलाचं वेड आहे. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी त्यांच्या खिशात असते. दार कुरकुरलं, तेल. कात्री अडली, तेल. एकदा माझ्या छत्रीला इतकं घातलं की पावसात मीच चमकत होते. रबर कोरडं वाटलं म्हणून प्रेमाने थेंबभर लावलं, असं ते खालमानेने म्हणाले. थेंबभर कसलं! रिंग फुगून खाचेत वेडीवाकडी पडली होती. दुकानदाराने रिंगसाठी वेगळं ग्रीस दिलं होतं, ते तसंच खोक्यात. मी भावजींवर जेवढं तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलं. जाऊबाईंनी कुपी काढून घेतली, कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. सुट्टी संपेपर्यंत भावजी पोरक्यासारखे फिरत होते.

नशीब, खोक्यात जास्तीची रिंग होती. ती त्यांनी बोट फिरवून फिरवून तपासली, नखाएवढं ग्रीस लावून बसवली. एक केस अडकला तरी पाणी शिरतं म्हणे, आणि माझे केस गळतात, म्हणून मला डब्याजवळ यायला बंदी. रुमाल कोरडा निघाला. त्यांनी पुन्हा बुडवला. दर वेळी कोरडाच निघतो याची खात्री होईपर्यंत त्या टबाजवळून हलल्या नाहीत, आणि घरातले कपडे तसेच पारोसे पडून राहिले.

खाडीवर गेलो त्या सकाळी त्यांनी खोलीतच डबा बंद केला. आत काचेवर वाफ धरू नये म्हणून बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या साठवल्या होत्या, त्या सोबत ठेवल्या. एकदा लावलेला डबा उघडायचा नाही. बोटीवर आमच्या ह्यांनी आग्रह केला की जरा आमचा एक काढा, तर त्या म्हणाल्या, स्टुलावर या.

बोटवाल्याला आम्ही नांगराचं विचारलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, दोन काळ्या खडकांच्या मधे लोखंड आहे खरं, पाय जपा. भावजी आणि आमचे हे एकमेकांकडे बघायचे टाळत होते.

जाऊबाई पाण्यात उतरल्या तेव्हा त्यांचं अंग लाकडासारखं ताठ होतं. बोटवाल्याचा हात त्यांनी असा धरला होता की बिचाऱ्याच्या मनगटावर नखं उमटली. तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, वर आल्या. पुन्हा तोंड पाण्यात. पुन्हा ठसका. त्यांना परत चला म्हणावं असं मला फार वाटत होतं, पण म्हणून उपयोग नव्हता. मग एकदा श्वास जमला आणि त्यांनी बोटवाल्याचा हात सोडून दोन्ही हातांनी डबा धरला.

मागोमाग आम्ही बाकीचेही उतरलो होतो. मी मागून बघितलं. होता. खरंच होता. पांढऱ्या वाळूत तिरका रुतलेला, माणसापेक्षा उंच, आणि त्यावर पिवळं पोवळं. बाबांनी कणभरसुद्धा वाढवून सांगितलं नव्हतं. मला रडूच आलं. त्या काचेच्या आत रडू नये, पुसता येत नाही. जाऊबाई मात्र लाटेने सरकल्या की परत यायच्या, सरकल्या की परत यायच्या, नांगर मधोमध येईपर्यंत. वर आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. डबा आतून कोरडा होता.

घरी येऊन त्यांनी फोटो दाराएवढा छापून घेतला. स्टुडिओच्या पांढऱ्या पडद्यावर लावला, दिवे लावले, आणि बाबांना धरून आणून स्टुलावर बसवलं. सवयीने दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली. "सरळ बघा बाबा. हलायचं नाही."

बाबा सरळ बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, छान आलाय, पाणी स्वच्छ आलंय.

जाऊबाई जन्मभर चेहरे बघत आल्या आहेत. त्यांचा चेहरा उतरला. "बाबा, नांगर कुठे आहे?"

बाबा म्हणाले, "समोरचं काही दिसत नाही गं पोरी. मधे नुसता करडा डाग. कडेकडेचं दिसतं तेवढंच. तू एवढी निघाली होतीस, तुला कुठे सांगू?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं. खिडकी. चहा. मान वळवून ते खिडकीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. मला बघता यावं म्हणून मान वळवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई," मी म्हणाले, "त्यांची मान वळवा. माझ्याकडे बघतात ना, तशी."

जन्मात कुणाला मान हलवू न देणाऱ्या जाऊबाईंनी पुन्हा हनुवटी धरली आणि हळूहळू ती बाजूला फिरवली, पार स्टुडिओच्या खिडकीपर्यंत. "हला बाबा," त्या म्हणाल्या. "हवं तेवढं हला."

बाबांनी मान आणखी थोडी वळवली, थोडी परत आणली, आणि थांबले. त्यांचा हात वर आला.

"नांगराचा हा दुसरा हात माझ्या वेळी उघडा होता," ते म्हणाले. "आता त्याच्यावरही आलंय." आणि मग, "बरंच वाढलंय रे."

ते 'रे' मुलांसाठी होतं. आमचे हे भिंतीला टेकून खाली बसले. भावजी पुढे आले आणि म्हणाले, हो बाबा, आम्ही बघितला, सगळ्यांनी बघितला.

जाऊबाईंनी कॅमेरा उचलला आणि बाबांचा तसाच फोटो काढला, मान वळलेली, नजर खिडकीत. त्यात एकच कान दिसतो. तो फोटो त्यांनी पुसला नाही. काउंटरवर, मी बसते तिथे लावलाय.