दक्षिणेचं दार

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने मी नवीन जालन्यातल्या फ्लॅटमध्ये घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. लग्न केलं नाही. आई होती तोवर घर बोलतं होतं. ती गेली आणि नुसता टीव्ही बोलू लागला. सगळी नोकरी बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, किती उगवले ते बघायचं. पुढे शेतात त्यांचं काय झालं, ते मला कधी कळलं नाही. गरिबांना घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेला माणसं हवी आहेत असं ऐकलं, तेव्हा लगेच गेले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. त्यापेक्षा भिंत बांधायला हातभार लावलेला काय वाईट!

माझ्याकडे फक्कीचं काम आलं. पाया खणण्याआधी जागेवर चुन्याच्या फक्कीने घर खऱ्या मापात आखायचं आणि ज्यांचं घर त्यांना आत फिरायला लावायचं. चूल कुठे, देव कुठे, अंथरूण कुठे. लोक आधी लाजतात, मग नसलेल्या दारातून चक्क वाकून आत येतात. ते बघताना जो आनंद होतो, तो मला पगाराच्या नोकरीत एकदाही झाला नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर तो सांगायला कोणी नसतं, एवढंच.

शहागडच्या अलीकडच्या एका गावात अशीच एक म्हातारी भेटली. माझ्यासारखीच एकटी, पत्र्याच्या खोपीत राहणारी. मागच्या हिवाळ्यात ती चुलीपाशी पडली आणि उठता येईना. खोपीचं दार उघडं होतं म्हणून समोरच्या ओट्यावर गहू निवडणाऱ्या शेजारणीला ती दिसली, नाहीतर तिथेच संपली असती. आता ती खोप उतरवून त्याच जागी पक्कं घर होणार होतं.

मी नेहमीप्रमाणे पूर्वेला दार आखलं. म्हातारी त्यातून आत आली, चुलीच्या जागी उकिडवी बसली आणि दाराकडे बघत राहिली. समोर दुसऱ्या कुणाच्या गोठ्याची मागची भिंत होती. ती उठली आणि दक्षिणेकडची फक्की तिने पायाने पुसून टाकली. तिकडे शेजारणीचा ओटा होता.

"हितं दार करा, बाई."

बाजूला दोरी घेऊन बसलेला गवंडी मध्ये पडला. "म्याडम, दक्षिणेला दार म्हंजे यमाला आवतन. आपल्या हातानं व्हायचं न्हाई. काई झालं तर गाव मला बोलंल."

"यम येनारच हाय," म्हातारी म्हणाली. "बराबर समोरून येऊ द्या. शेजारीण बघंल तरी."

मला हसू आलं. गवंडी हसला नाही. तो उठून गेला असता तर पावसाळ्याआधी दुसरा मिळणं कठीण होतं. म्हणून मी मध्यम मार्ग काढला. "मावशी, दार पूर्वेलाच राहू द्या. दक्षिणेला खिडकी ठेवू."

"खिडकीतून खाली पडलेलं मानूस दिसत न्हाई, बाई."

मी गवंड्याकडे वळले आणि माझा आवाज चढला. "गावाला सांगा, म्याडमनं करायला लावलं. काय पाप लागायचं ते मला लागू द्या. माझ्या मागं-पुढं कोणी नाही."

एवढं मी कधी कुणापुढे बोलले नव्हते. गवंड्याने दक्षिणेच्या रेघेत दाराची जागा सोडून दोरी बांधायला घेतली.

घरभरणीला मी गेले. दूध उतू गेलं, शेजारणीने पुऱ्या तळल्या. म्हातारी दारासमोर मांडी घालून बसली होती आणि ओट्यावरच्या बायकांशी आतूनच भांडत होती. मला तिचा हेवा वाटला. साठी ओलांडल्यावर एका खोलीच्या घराचा हेवा!

निघताना तिने विचारलं, "बाई, तुमचं दार कुनीकडं हाय?"

"पूर्वेला. वास्तू बघूनच घेतलाय फ्लॅट."

"समोर कोन राहतंय?"

"समोर जिन्याची भिंत आहे."

"मंग दुसरी चावी कुनाकडं असती?"

"दोन्ही माझ्याच पर्समध्ये असतात."

तिने हात पुढे केला. मी म्हटलं, "मावशी, जालना किती लांब! तुम्हाला काय उपयोग?" तिने हात मागे घेतला नाही. मी कड्यातून एक चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले. त्या गाठीतली चावी घेऊन ती कधी माझं दार उघडायला येणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. पण द्यायला दुसरं कोणी नव्हतं.