आखाजीची सही

आखाजी, या वर्षाची. जळगाव, थोरल्या भावाचं घर, दुपारी एक. हजर: थोरला भाऊ (पुढे नुसता भाऊ), वहिनी, धाकटा भाऊ, मोठी बहीण अक्का आणि मी. धाकट्याची बायको गैरहजर, कारण आखाजीला लेकी माहेरी जातात आणि तीही गेली होती. विषय: आईने मागे ठेवलेले अकरा लाख रुपये.

बाकी महाराष्ट्रात या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्या खान्देशात हा लेकींचा सण. सासरी असलेल्या लेकीला भाऊ बोलावतो, आमरस-पुरणपोळी होते, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. आईची ही पहिलीच घागर. ती देवघरापाशी ठेवली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. भाऊने तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि जेवण होईपर्यंत कोणाकोणाचे नमस्कार आले ते आम्हाला वाचून दाखवले.

मी धुळ्याहून सकाळच्या बसने निघाले. एरंडोलला अक्का चढली. हातात सांजोऱ्यांचा डबा, कारण माहेरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. आई शेवटची नऊ वर्षं या अक्काच्या दोन खोल्यांत राहिली. अक्का विधवा आहे, साड्यांना फॉल-पिको करते आणि ब्लाउज शिवते. आईला अंथरुणातून उठवणं, न्हाऊ घालणं, रात्री तीनदा जागं होणं हे सगळं मशीन चालवता चालवता झालं. भाऊचं जळगावात तीन बेडरूमचं घर आहे. आईला महिनाभर घेऊन जा असं मी त्याला दोनदा म्हटलं होतं. पहिल्यांदा घराचं रंगकाम निघालं, दुसऱ्यांदा मुलाची बारावी. बारावीचा मुलगा आता इंजिनिअर होऊन नोकरीला लागला आहे. रंगकामही कधीतरी संपलं असावं.

वडील दीपनगरच्या वीज केंद्रात होते. ते गेल्यावर आईला पेन्शन मिळायची, तिच्यातून तिने ही ठेव केली. ठेवीच्या फॉर्मवर वारसाच्या नावाचा रकाना कोरा आहे. बँकेतल्या मुलीने कोणाचं नाव टाकू विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती की चौघांतलं एकच टाकलं तर बाकीच्यांना काय वाटेल. त्यामुळे आता बँक म्हणते, चौघांनी मिळून अर्ज करा, नाहीतर ज्यांना नको असेल त्यांनी तसं लिहून द्या.

लिहून देणाऱ्या कोण, हे भावांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. आमच्यात ते नेहमीच ठरलेलं असतं. वडिलांच्या घराच्या वेळी दोघी बहिणींनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या, तीही आखाजीच होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत जाऊन आलो आणि संध्याकाळी दोघींना एकेक साडी मिळाली. माझी पोपटी होती. मी एवढी हिशेबी, दर रविवारी वहीत आठवड्याची कामं लिहून काढणारी, पण त्या कागदाची दोन पानं वाचायचे कष्ट घेतले नाहीत. अक्काने केली म्हणून मी केली. त्या सहीबद्दल मला भावांइतकाच स्वतःचाही राग येतो.

यंदा जेवणं झाल्यावर भाऊने आधी पैशांचं काय करायचं ते सांगितलं. गावच्या मंदिरापुढे सभामंडप, आईच्या स्मरणार्थ. संगमरवरी पाटी, तिच्यावर वर आईचं नाव आणि खाली त्याचं. पाटीचा नमुना मोबाईलवर तयार होता. आईचं नाव मला चष्मा लावून वाचावं लागलं, त्याचं मी चष्म्याशिवाय वाचलं. धाकट्याचं म्हणणं निराळं. महामार्गाला लागून एक प्लॉट निघाला आहे, तो घ्यावा, पाच वर्षांनी दुप्पट होईल, मग आईच्या नावाने काय वाटेल ते करता येईल. प्लॉट कोणाच्या नावावर, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते नंतर बघू. वहिनी म्हणाल्या की सभामंडपच बरा, निदान दिसतो तरी. मग दोघं भाऊ मंडप आणि प्लॉट यांवर अर्धा तास भांडले. अकरा लाखांतले निम्मे आमचे आहेत, याची त्या अर्ध्या तासात कोणालाच आठवण झाली नाही.

शेवटी भाऊ आत गेला आणि दोन पिशव्या घेऊन आला. साड्या. अक्काच्या पिशवीवर टाइप केलेला कागद, वर पेन. माझ्याही पिशवीवर तसंच. साडी आणि कागद एकाच हाताने द्यायचं त्याला सुचलं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. उलट सगळं वेळेवर तयार ठेवल्याचं समाधानच तोंडावर होतं.

मी सांगितलं की मी सही करणार नाही आणि अक्कानेही करू नये.

भाऊ हसला. "अक्काला पैसे काय करायचेत? तिचं सगळं आपणच बघतो ना."

"काय काय बघतो ते सांग," मी म्हटलं. "मी लिहून घेते."

मी वही उघडली. तो धाकट्याकडे बघू लागला, धाकटा मोबाईलकडे. मग वहिनींनी सांगितलं की मागच्या दिवाळीला त्यांनी अक्काला चादर दिली होती. मी चादर लिहिली.

मधल्या काळात अक्काने पेनाचं टोपण काढलं होतं. ती सही करणारच होती. बसमध्येच ती मला म्हणाली होती, "जाऊ दे वं, त्यासनं बठ्ठं त्यासलेच राहू दे." त्यांचं सगळं त्यांनाच राहू दे. तिच्या मागच्या खोलीचे पत्रे गळतात, गुडघे गेले आहेत, डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. हे मी तिला सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि सांजोऱ्या मोडल्या तर नाहीत ना, ते डबा उघडून बघितलं.

आता तिने पेन कागदावर टेकवलं आणि न उचलता भाऊला विचारलं, "मी सही नई करी, ते आखाजीले माले कोन बलाई?"

सही केली नाही तर आखाजीला मला कोण बोलावणार. टोमणा मारणं अक्काला जमत नाही. तिला खरोखर उत्तर हवं होतं, आणि ती भाऊच्या तोंडाकडे बघत थांबली. आई गेली, आता माहेर म्हणजे हे घर. नऊ वर्षं आईचं केलं तिने, आणि वर्षातून एका दिवसाच्या बोलावण्यासाठी तिला पावणेतीन लाख मोजायला सांगत होते. एवढं महाग जेवण जळगावातल्या कुठल्या हॉटेलात मिळत नसेल.

वहिनी ताटं उचलायला गेल्या. धाकटा म्हणाला, हे काय बोलणं झालं अक्का.

भाऊ म्हणाला, "तसं काही नाही गं. पण सही तेवढी करून टाक."

 अक्काने पेनाला टोपण लावलं, कागद साडीवर ठेवला आणि पिशवी हळूच भाऊकडे सरकवली. आमची बस साडेचारची होती. साडेतीनलाच आम्ही निघालो. रिक्षापर्यंत कोणी सोडायला आलं नाही.

बसमध्ये मी तिला पुढचं समजावलं. चौघांचा एकत्र अर्ज, प्रत्येकाचं आधार, प्रत्येकाचे दोन फोटो. भावांना पैसे हवे आहेत, म्हणजे आज ना उद्या ते सही करतीलच, त्यांच्याशी मी बोलेन. तू फक्त फोटो काढून ठेव. एरंडोलला उतरताना ती म्हणाली, "देखसू वं." बघू गं.

याला दोन महिने झाले. भावांनी कुरकुर करत अर्जावर सह्या केल्या, आमचे दोन वाटे वगळल्यावर मंडप आणि प्लॉट दोन्ही बोलण्यातच अर्धे झाले. माझे कागद तयार आहेत. मी दर रविवारी अक्काला फोन करते. फोटोवाला लग्नाला गेला होता, मग पाऊस होता, मग चांगली साडी इस्त्रीला दिलेली होती. फोटो काढला की अर्ज जाणार, अर्ज गेला की आपला वाटा आपल्याकडे येणार आणि भाऊ कायमचा रागावणार, असं तिच्या डोक्यात बसलं आहे, आणि मला ते खोडून काढता येत नाही, कारण ते खोटं नाही. माझं बोलून व्हायच्या आत ती दर वेळी विचारते, भाऊचा फोन आला होता का, माझ्याबद्दल काही म्हणाला का.

येत्या रविवारी एरंडोलला उतरून तिला स्टुडिओत न्यायचं, असं मागच्या रविवारीही लिहिलं होतं. अक्काचे दोन फोटो, पासपोर्ट आकाराचे. बाकी.